टर्बो गेला, वॉरंटी अडली: नव्या गाडीमालकाने काय करायचं, कोणत्या क्रमाने

सर्व्हिस सेंटरमधून फोन येतो, "सर, टर्बो गेलाय. वॉरंटीत नाही बसणार." त्यापुढचं वाक्य खर्चाचं असतं. लहान डिझेल गाडीला नवा टर्बो मजुरीसकट साधारण तीस-चाळीस हजारांपासून सुरू होतो. मोठी एसयूव्ही किंवा परदेशी बनावटीची गाडी असेल तर आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. अशा वेळी काहीजण काउंटरवर आवाज चढवतात, काहीजण मुकाट्याने कार्ड पुढे करतात. दोन्हींचा शेवट बहुधा सारखाच होतो.

मुद्दा असा आहे की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, आपणहून क्वचितच मरतो. त्याला ऑइल मिळालं नाही, घाणेरडं ऑइल मिळालं, हवेतून काहीतरी आत गेलं किंवा इंजिनातून काहीतरी तुटून आलं, असं काही ना काही घडलेलं असतं. "टर्बो खराब झाला" हे निदान नाही. तो कशामुळे खराब झाला हे सांगितलं तर ते निदान. सगळा वाद त्या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि कारण ज्याच्या हद्दीत निघेल त्याच्यावर खर्च पडतो. म्हणून तुमचं काम एकच: कारण कागदावर आणायचं, आणि पुरावा नष्ट होण्याआधी आणायचं.

यंत्राची तोंडओळख

टर्बोत एका दांड्यावर दोन चाकं असतात. एक्झॉस्टचा गरम वायू एका चाकाला फिरवतो, दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल गाडीत एक्झॉस्टकडच्या बाजूचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं. बहुतेक गाड्यांत शाफ्टला बॉल बेअरिंग नसतं. साध्या बुशांमध्ये, ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तो तरंगत फिरतो. तो थर काही क्षण जरी तुटला तरी धातूवर धातू घासतो. हे ऑइल इंजिनाचंच असतं, वेगळं नसतं. त्यामुळे "टर्बोची सर्व्हिस कधी करायची?" या प्रश्नाचं उत्तर आहे, इंजिन ऑइल बदलता तेव्हा.

पायरी १: गाडी थांबवा

पिकअप एकदम बसतो, गाडी घाटात लोड घेत नाही, ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते, मागे निळा धूर दिसतो किंवा डिपस्टिकवर (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर) ऑइल दर आठवड्याला कमी होत जातं. यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी गाडी बाजूला घ्या आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करून टो करा. "अजून वीस किलोमीटर आहे, हळूहळू नेऊ" हा विचार दोन प्रकारे महागात पडतो. तुटलेला तुकडा इंजिनात गेला तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. शिवाय गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर दिसतं की चेक लाइट लागल्यानंतरही गाडी चालवली होती, आणि नकाराला आयतं कारण मिळतं. टोइंगची पावती जपून ठेवा. तुम्ही वेळेवर थांबलात याचा तो पुरावा आहे.

डिझेलवाल्यांसाठी एक इशारा. टर्बोचा सील पूर्ण गेला तर इंजिन ऑइल थेट इनटेकमध्ये ओढलं जातं आणि इंजिन त्याच ऑइलवर पळू लागतं. अशा वेळी किल्ली फिरवूनही इंजिन बंद न होण्याची शक्यता असते. फेरे वाढत जातात, मागे धुराचा लोट उठतो. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल आणि इंजिन बंद होत नसेल तर सगळ्यांना उतरवून लांब उभे राहा. बॉनेट उघडून इंजिनाजवळ वाकू नका.

पायरी २: आधी होज, मग टर्बो

"टर्बो गेला" असं सांगितल्या गेलेल्या सगळ्याच गाड्यांचा टर्बो गेलेला नसतो. काळा धूर, पिकअप नाही आणि फुसफुस आवाज असेल तर बऱ्याचदा टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकुलरचा होज (नळी) फाटलेला असतो किंवा त्याचा क्लॅम्प सुटलेला असतो. व्हॅक्युम पाइपला चीर गेली किंवा टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर काजळीने अडकला तरी लक्षणं तीच दिसतात. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड येतो, त्याचा अर्थ फक्त इतकाच की बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, अपेक्षेपेक्षा कमी आहे. पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त आहे. यातला कुठलाही कोड "टर्बो बदला" असं सांगत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: होज, क्लॅम्प, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारी झडप) आणि ॲक्च्युएटर तपासले का, आणि गळती शोधायला स्मोक टेस्ट केली का? दुसरी गोष्ट, शाफ्ट बोटाने हलवून "बघा, प्ले आहे" असं कोणी दाखवलं तर लगेच मान डोलवू नका. आडव्या दिशेने, म्हणजे कडेकडेला, थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असायलाच हवा, कारण ऑइलचा थर तिथेच बसतो. चाक हाउसिंगला घासल्याच्या खुणा असतील किंवा शाफ्ट मागेपुढे सरकताना हाताला जाणवत असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. होजमध्ये ऑइलचा किंचित ओलावा दिसणंही नेहमीचं. इंटरकुलरमधून ऑइल ओतलं जात असेल तर ती वेगळी गोष्ट.

पायरी ३: जॉब कार्डवरचे शब्द

पुढे प्रकरण कुठेही गेलं तरी सगळ्यात आधी जॉब कार्ड मागितलं जातं. तरीही आपण घाईघाईत तिथे सही ठोकतो. ग्राहकाचं म्हणणं या रकान्यात सर्व्हिस ॲडव्हायझर सवयीने "जनरल चेकअप" किंवा "लो पिकअप" लिहितो. तिथे पूर्ण वाक्य लिहून घ्या: "अमुक तारखेला अमुक किलोमीटरला चेक इंजिन लाइट लागला, शिट्टीसारखा आवाज, निळा धूर, गाडी तत्काळ थांबवून टो केली." गाडी आत जाण्याआधी त्यांच्यासमोर डिपस्टिक काढा आणि ऑइलची पातळी जॉब कार्डवर नोंदवून घ्या. ही एक ओळ पुढे सोन्याच्या भावाची ठरते, कारण "ऑइल कमी होतं" हा नकाराचा सर्वांत लाडका मुद्दा आहे.

याच रकान्याची दुसरी गंमत आधीच्या भेटींत लपलेली असते. समजा वॉरंटी चालू असताना तुम्ही दोनदा आवाजाची तक्रार केली, त्यांनी "ओके, नॉर्मल" म्हणून परत पाठवलं आणि वॉरंटी संपल्यावर महिनाभरात टर्बो गेला. जुन्या जॉब कार्डवर आवाजाचा उल्लेख असेल तर बिघाड वॉरंटीच्या काळातच सुरू झाला होता, असं तुम्ही ठामपणे मांडू शकता. उल्लेख नसेल तर तुमचं म्हणणं हवेत विरतं. गाडी घ्यायला गेल्यावर तोंडी सांगितलेली तक्रार ही तक्रारच नसते.

पायरी ४: उघडताना हजर राहा

कंपनीची परवानगी आल्यावर टर्बो काढतात. "तुम्ही कशाला येता, आम्ही फोटो पाठवतो" असं सांगतील. तरी जा. स्वतःला जमत नसेल तर विश्वासातल्या मेकॅनिकला न्या. वर्कशॉपच्या आत सोडायला नकार दिला तर "काम उघडताना मला हजर राहायचं आहे" असा ई-मेल आधीच टाकून ठेवा.

तिथे करायच्या गोष्टी अशा. ऑइल काढताना स्वच्छ बाटलीत थोडं भरून घ्या, बाटली सील करून दोघांच्या सह्या घ्या. जमल्यास दोन बाटल्या भरा, एक त्यांच्याकडे ठेवा. वापरलेल्या ऑइलची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. त्यात धातूचे कण, डिझेलची भेसळ, धूळ, पाणी सगळं निघतं. ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर फेकू देऊ नका. टर्बोकडे जाणाऱ्या ऑइलच्या बारीक पाइपचा आतून फोटो घ्या. स्कॅनरचा पूर्ण रिपोर्ट मागा. नुसता कोड पुरेसा नाही, कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग, फेरे आणि तापमान किती होतं ही नोंदही हवी.

पायरी ५: मेलेला टर्बो काय बोलतो

इथे थोडं थांबू, कारण या गोष्टी माहीत असलेल्या ग्राहकाशी ॲडव्हायझर वेगळ्या सुरात बोलतो.

शाफ्टवर निळसर-काळे डाग, म्हणजे उष्णतेने धातू रंगला. ऑइल पोहोचलं नाही. मग पुढचा प्रश्न: पातळी खरंच कमी होती, की पाइप तुंबला होता, की ऑइल पंपाने दाब दिला नाही? पहिलं कारण कदाचित तुमच्या अंगावर येईल. पंपाचं कारण कंपनीचं. पाइप तुंबल्याचं कारण मात्र ऑइल कोणी आणि कोणत्या ग्रेडचं भरलं यावर ठरतं.

बेअरिंगवर गोलाकार ओरखडे असतील तर ऑइल आलं, पण घाण घेऊन आलं. सर्व्हिस चुकवली असेल तर तुम्ही अडचणीत आहात. सगळ्या सर्व्हिस त्यांच्याकडेच वेळेवर झाल्या असतील तर त्यांनी उत्तर द्यायचं.

हवेच्या बाजूच्या चाकाची पाती टोकाला चावल्यासारखी झाली असतील तर बाहेरून काही आत गेलं आहे: खडा, फिल्टरचा तुकडा, कधी बोल्टसुद्धा. एअर फिल्टरचं झाकण शेवटी कोणी उघडलं होतं? सर्व्हिस सेंटरनेच उघडलं असेल तर हा वॉरंटीचा मुद्दाच नाही, त्यांच्या कामातल्या हलगर्जीचा आहे, आणि तो वॉरंटी संपल्यावरही उभा राहतो.

एक्झॉस्टच्या बाजूची पाती वाकली-तुटली असतील तर तुकडा इंजिनातून आला. पिस्टन रिंग, ग्लो प्लगचं टोक, व्हॉल्व्हचा तुकडा. इथे टर्बो बळी आहे आणि आरोपी इंजिन आहे. नुसता टर्बो बदलून बिल लावत असतील तर काम थांबवा. कारण न शोधता बसवलेला नवा टर्बोही त्याच वाटेने जाणार.

हवेच्या चाकाची मागची बाजू संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली असेल तर तो मर्यादेबाहेरच्या वेगाने फिरला. फाटका होज हे त्यामागचं नेहमीचं कारण. हवा गळते, टर्बो ती भरून काढायला आणखी जोरात फिरतो. दुसरं कारण ट्यूनिंग, त्याबद्दल खाली.

हे सगळं तुम्ही छातीठोकपणे ओळखावं अशी अपेक्षा नाही. पण जवळून, उजेडात, सगळ्या बाजूंनी फोटो मात्र काढा. ओळखणारा नंतरही मिळेल, फोटो काढायची संधी पुन्हा मिळेलच असं नाही.

पायरी ६: नकार लेखी घ्या

तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे. त्याच दिवशी डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकत्र ई-मेल पाठवा. मजकूर साधा ठेवा:

"गाडी क्र. …, चासी क्र. …, जॉब कार्ड क्र. …, दि. …
आपण टर्बोचार्जरचा वॉरंटी दावा तोंडी नाकारला आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: बिघाडाचं तांत्रिक कारण, ते कोणत्या तपासणीतून निघालं, तिचे फोटो आणि मोजमापं, वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या कलमानुसार नकार दिला, आणि हा निर्णय डीलरचा आहे की कंपनीचा. काढलेला टर्बो, ऑइल आणि फिल्टर जसेच्या तसे सांभाळून ठेवावेत. माझ्या लेखी संमतीशिवाय कोणतंही सशुल्क काम करू नये."

यात राग नाही, धमकी नाही, समाजमाध्यमांवर टाकीन वगैरे काही नाही. पुष्कळदा या एका ई-मेलनंतर फाइल पुन्हा उघडते, कारण कारण लिहायचं म्हटलं की कोणालातरी खरोखर तपासावं लागतं. वॉरंटी मंजूर झाली तर जुना भाग कंपनीकडे जातो, तसा बहुतेक पुस्तिकांत नियमच असतो. नाकारली आणि तुम्ही पैसे भरले, तर जुना भाग तुमचा. तो मागून घ्या आणि घरी गोणपाटात गुंडाळून ठेवा.

पायरी ७: नेहमीची कारणं आणि त्यांना उत्तरं

"सर्व्हिसला उशीर झाला." आधी पुस्तिका उघडा. बहुतेक ठिकाणी किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. पुण्यात घर ते ऑफिस एवढंच चालवणारे इथे फसतात. वर्षाला पाच हजार किलोमीटरच झाले म्हणून सर्व्हिस पुढे ढकलतात, पण बारा महिन्यांची अट कधीच उलटून गेलेली असते. उशीर दोन-तीन आठवड्यांचा असेल आणि ऑइलची तपासणी ठीक आली असेल, तर "या उशिराचा आणि बिघाडाचा संबंध दाखवा" असं जरूर म्हणा. उशीर सहा महिन्यांचा असेल तर मात्र खरं सांगायचं तर बाजू लंगडी आहे. तिथे भांडण्याऐवजी गुडविल मागा, म्हणजे कंपनीने सवलत म्हणून काही खर्च उचलावा असं सांगा.

"बाहेरच्या गॅरेजला काम केलं." हा मुद्दा सरसकट मान्य करू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्याबद्दल तो होता. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. त्या दुरुस्तीमुळे जितकं नुकसान झालं तितक्यापुरतीच वॉरंटी नाकारता यावी. कंपन्या या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या, तेव्हा हे ब्रह्मास्त्र समजू नका. पण बाहेर म्युझिक सिस्टिम बसवली म्हणून टर्बो नाकारणाऱ्याला पत्रात हा संदर्भ द्यायला हरकत नाही. बाहेर ऑइल बदललं असेल तर बिलावर ऑइलचा ब्रँड, ग्रेड आणि किलोमीटर लिहिलेले हवेत. "सर्व्हिस चार्ज ३,५००" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही.

"ऑइल चुकीचं." डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, आजच्या छोट्या टर्बो पेट्रोलना पातळ आणि ठरावीक मानकाचंच. पुस्तिकेत ग्रेडबरोबर मानकही दिलेलं असतं, ते जुळलं पाहिजे. सर्व्हिस सेंटरनेच ऑइल भरलं असेल तर त्यांच्या बिलावरचा पार्ट नंबर बघा. डीलरने चुकीचं ऑइल भरल्याचं त्यांच्याच बिलातून निघण्याचीही शक्यता असते.

"इंधनात भेसळ." पंपाच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी दाखवा आणि इंधनाचा नमुना तपासला का ते विचारा. नमुना न घेता भेसळ म्हणणं हा अंदाज झाला.

"ड्रायव्हिंग पॅटर्न." बीएस६ डिझेलवाल्यांना हे उत्तर फार मिळतं. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफ साफ होत नाही, साफ करायच्या अर्धवट प्रयत्नांत डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याची झळ टर्बोला बसते. तांत्रिकदृष्ट्या हे खरं आहे. पण गाडी विकताना रोजची धाव विचारली होती का, डीपीएफचा दिवा लागल्यावर काय करायचं हे सांगितलं होतं का, हे प्रश्न तुमचे. डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या वर चढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, सरळ वर्कशॉप गाठा आणि जॉब कार्डवर नोंद करा.

"रिमॅप केलंय." म्हणजे ताकद वाढवायला इसीयूचं, इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बदललंय; वर म्हटलेलं ट्यूनिंग ते हेच. तसं केलं असेल तर विषय संपला. इसीयू मूळ सॉफ्टवेअरवर परत आणलं तरी ते बदलल्याच्या खुणा अनेक गाड्यांत राहतात. केलं नसेल तर तसा लेखी खुलासा द्या आणि त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट मागा.

"वेअर अँड टेअर." ब्रेक पॅड आणि क्लच झिजतात. चाळीस हजार किलोमीटरवर टर्बो झिजणं नैसर्गिक आहे असं कंपनीचं म्हणणं असेल, तर तेवढं एक वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर मागा.

विम्याचा विचार मनात येईल म्हणून सांगतो. साध्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच घेतलं असेल तर पाणी शिरून किंवा गाडीखाली आदळून ऑइल गळून झालेल्या नुकसानीचा दावा करता येतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतरचा बिघाड असेल तर वॉरंटीच्या मागे न लागता आधी विमा कंपनीला कळवा.

पायरी ८: वर चढत जा

ॲडव्हायझर, वर्क्स मॅनेजर, डीलरचा सर्व्हिस हेड, मग कंपनीचा विभागीय अधिकारी. डीलर आणि कंपनी ही दोन वेगळी माणसं आहेत हे विसरू नका. पुष्कळदा डीलरची इच्छा असते, पण कंपनीने दावा नाकारला तर मजुरी त्याच्या अंगावर पडेल अशी भीती असते. विभागीय अधिकाऱ्याने गाडी बघावी अशी लेखी मागणी करा. कंपनी ठाम राहिली आणि तुमची बाजू पन्नास-पन्नास असेल तर गुडविलचा प्रस्ताव तुम्हीच ठेवा: भाग कंपनीचा, मजुरी माझी. सगळ्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झाल्या असतील तर हे जमण्याची शक्यता बरी असते. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर ती देणारी संस्था बऱ्याचदा वेगळी असते आणि उघडण्याआधी तिची मंजुरी लागते. डीलरने आधीच खोलून ठेवलं तर ती हात वर करते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ही तक्रार म्हणजे खटला नव्हे. हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते आणि मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात, वकिलाकडे जाण्याआधी तिथे एक चक्कर टाकावी.

गाडी किती दिवस पाडून ठेवायची हा खरा पेच आहे. नोकरी-धंदा गाडीवर असेल तर महिनोन्‌महिने थांबता येत नाही, आणि वर्कशॉप पार्किंगचं भाडंही लावू लागतं. अशा वेळी आधी तटस्थ अहवाल घ्या. शासकीय तंत्रनिकेतनातल्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाइल विभागाचे प्राध्यापक किंवा परवानाधारक सर्व्हेअर चालेल. मग "माझे सर्व हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम भरत आहे" असा ई-मेल करून दुरुस्ती करून घ्या आणि जुना टर्बो ताब्यात घ्या. निषेध न नोंदवता भरलेलं बिल पुढे तुमच्याच विरोधात दाखवतील.

पायरी ९: ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यात दाद मागता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्क नाममात्र आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. अर्ज ऑनलाइनही करता येतो. वकील सक्तीचा नाही, पण तांत्रिक वादात असलेला बरा.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. कंपनीशी ई-मेलची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत बसेल. नोटिशीनंतर उत्तरासाठी त्यांना ३० दिवस मिळतात, आणखी १५ दिवसांची सवलत मिळू शकते. त्यापुढे मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. आता कळलं ना, जुना टर्बो गोणपाटात का ठेवायचा? कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, त्या तयारीनेच जा.

मागणी माफक ठेवा. "नवीन गाडी द्या" ही मागणी ऐकायला छान वाटते, पण मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलं आहे की वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलून देणं येतं, अख्खी गाडी नव्हे. दुरुस्तीचा खर्च, टोइंग, त्या काळातला प्रवासखर्च, मनस्तापाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाराही या कायद्यात ग्राहक ठरतो. पाच गाड्यांचा व्यवसाय असेल तर तसं म्हणता येणं अवघड आहे.

व्हॉट्सॲपचे संदेश, फोटो आणि व्हिडिओ पुरावा म्हणून देताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. मूळ फोन विकून टाकू नका.

नवा टर्बो बसताना

युरोपात प्यूजो, सिट्रोएन, फोर्ड, व्हॉल्वो, मिनी अशा कित्येक गाड्यांत बसलेलं १.६ लिटरचं एचडीआय डिझेल इंजिन या बाबतीत बदनाम आहे. इंजेक्टरच्या सीलमधून गळणाऱ्या वायूने ऑइलमध्ये कार्बन साचायचा, टर्बोच्या ऑइल पाइपमधली बारीक जाळी तुंबायची आणि टर्बो जायचा. मेकॅनिक नुसता टर्बो बदलायचे, तोही गेला की पुन्हा बदलायचे. शेवटी टर्बो विकणारेच नवा ऑइल पाइप घेतल्याची पावती दाखवल्याशिवाय वॉरंटी देईनात.

आपल्याकडेही तोच धडा लागू आहे. बिलावर ऑइल, ऑइल फिल्टर, ऑइल फीड पाइप आणि गास्केट वेगवेगळे दिसले पाहिजेत. इंटरकुलर सोडवून आतलं ऑइल आणि धातूचे तुकडे काढलेत का, ऑइल परत जाणारा पाइप मोकळा आहे का ते विचारा. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरायला हवं, आणि सुरू झाल्यावर काही मिनिटं रेस न करता चालू ठेवायला हवं. बाजारात नुसता कोअर, म्हणजे शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा मधला भाग, बदलून देणारेही आहेत. वॉरंटीबाहेरच्या जुन्या गाडीला तो पर्याय वाईट नाही, फक्त कोअर बॅलन्स केलेला असावा आणि बसवणाऱ्याने स्वतःची वॉरंटी बिलावर लिहून द्यावी.

गाडी अजून ठणठणीत असेल तर

सर्व्हिसचं प्रत्येक बिल फोनमध्ये स्कॅन करून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. महिन्यातून एकदा सपाट जागी डिपस्टिक बघा आणि तारीख दिसेल असा फोटो काढा. सकाळी गाडी काढताच रेस करू नका. खंडाळ्याचा घाट भरल्या गाडीने चढून लगेच चहासाठी थांबत असाल, तर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून कार्बन होतं. अनेक नव्या पेट्रोल गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा पंप असतो, त्यामुळे तिथे शहरातल्या साध्या फेरीनंतर एवढी काळजी लागत नाही.

जुनी टर्बो गाडी घेत असाल तर चासी क्रमांकावरून कंपनीकडची सर्व्हिस हिस्टरी काढा आणि त्या मॉडेलचा रिकॉल आहे का ते बघा. एक्स्टेंडेड वॉरंटी नावावर करायला ठरावीक दिवसांचीच मुदत असते. आरसीवर नाव चढायची वाट न पाहता व्यवहाराच्या दिवशीच डीलरकडे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.